द्राक्षाचा दर्जा आणि बाईचा रोज

निर्यातीच्या द्राक्षाच्या पेटीवर काय काय लिहिलेलं असतं, ते एकदा नीट वाचून पाहावं. मालाचं नाव. जात : थॉमसन, सोनाका, शरद, जंबो. वर्ग : एक्स्ट्रा, पहिला की दुसरा. निव्वळ वजन. पॅकिंगची तारीख. लॉट नंबर. माल भरणाऱ्याचं आणि पाठवणाऱ्याचं नाव. देश : भारत. एवढ्याशा चिठ्ठीवर इतकी माहिती असते की हॉलंडच्या बंदरात बसलेल्या अधिकाऱ्याने मनात आणलं, तर तो कागदोपत्री मागे मागे येत जुन्नर तालुक्यातल्या कुठल्या गावच्या कुठल्या प्लॉटमधून हा माल आला ते शोधून काढू शकतो. सरकारला या व्यवस्थेचा मोठा अभिमान आहे. कामही तसं अभिमान वाटावा असंच आहे.

फक्त हा माग बांधापर्यंत येतो आणि बांधावरच थांबतो. बांधाच्या आत कुणी मान वर करून आठ-आठ तास मणी विरळले, कुणी घड जीएच्या पाण्यात बुडवला, कुणी तो देठाने धरून कात्रीने तोडला, कुणी सडका मणी काढून पाऊच भरला, याची नोंद कुठेच नाही. पेटीवर नाही, पेटीमागच्या संगणकातही नाही. नारायणगाव, गोळेगाव, खोडद, मांजरवाडी या पट्ट्यात कुठल्याही बागेत विरळणीच्या दिवसांत जाऊन या. मांडवाखाली लुगडी आणि डोक्याला बांधलेले रुमाल दिसतील. विरळणी हे बायकांचंच काम समजलं जातं.

आमचं म्हणणं सरळ आहे. 'दर्जा' म्हणून सरकार ज्याच्यावर शिक्का मारतं आणि निर्यातदार ज्याचे जादा पैसे घेतो, तो दर्जा मुख्यत्वे बाईच्या हातचं कसब आहे. आणि ते कसब, कसब म्हणून मोजायचं नाही, यावर या धंद्याचा हिशेब बसलेला आहे.

प्रतवारीचा कायदा काही नवा नाही. शेतमाल (प्रतवारी व चिन्हांकन) कायदा १९३७ सालचा, इंग्रज अमदानीतला. ॲगमार्कचं चिन्ह त्यातूनच आलं. १९८६ साली निर्यातवाढीसाठी 'अपेडा' स्थापन झाली. १९९१ साली सहकारी द्राक्ष संस्थांना एकत्र आणून 'महाग्रेप्स' उभी राहिली. नवं आर्थिक धोरण आलं ते हेच वर्ष. विलायतेच्या दुकानात आपली द्राक्षं झळकली म्हणून सगळ्यांनी पाठ थोपटून घेतली. मग २००३ च्या हंगामात युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये कीटकनाशकांचे अंश मर्यादेबाहेर सापडले आणि धावपळ झाली. लगोलग अंश-तपासणीचा कार्यक्रम आला. पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र त्याची मुख्य प्रयोगशाळा झालं. २००६ साली 'ग्रेपनेट' आलं. तेव्हापासून रीत अशी : शेतकऱ्याने सातबारा आणि नकाशा देऊन कृषी खात्याकडे प्लॉट नोंदवायचा, नंबर घ्यायचा, प्रत्येक फवारणी वहीत लिहायची. तोडणीआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस येऊन नमुना घेणार. पास झाला तर माल पॅकहाऊसला, पुढे ॲगमार्कचं प्रमाणपत्र, मग पीक-आरोग्याचा दाखला, मग कंटेनर.

पहिली पायरी पाहा : सातबारा. प्लॉटचा नंबर मिळतो तो सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या एकूण खातेदारांमध्ये बायका होत्या सुमारे १४ टक्के. महाराष्ट्राने १९९४ सालीच महिला धोरण काढलं, त्याच वर्षी मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क देणारी दुरुस्ती केली. देशभर ती २००५ साली झाली. शेतकरी संघटनेच्या 'लक्ष्मीमुक्ती'ने तर बायकोच्या नावे जमीन करून द्या म्हणून गावोगाव सांगितलं. तरी आजही बागायतदार म्हणजे पुरुष, आणि बागायतदारीण हा शब्द कुणी उच्चारत नाही. फवारणीची वही मात्र अनेक घरांत बारावी शिकलेली सून लिहिते. कुठलं औषध, किती मिली, किती लिटर पाण्यात, कुठल्या तारखेला, सगळं तिच्या अक्षरात. सही सासऱ्याची. युरोपचं दार ज्या कागदाने उघडतं तो कागद लिहिणारी हात पुसून पुन्हा चुलीपुढे जाते, कारण टोळीच्या पंधरा माणसांचा चहा करायचा असतो.

आता घडाकडे या. निर्यातीच्या नियमांमध्ये घड कसा असावा हे बारकाईने लिहिलेलं आहे. घड सांगाड्यावर सारखा बसलेला हवा, मणी भरलेले, देठाला घट्ट, डाग नसलेले, रंगाने एकसारखे. मण्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात. मण्यावरची पांढुरकी नैसर्गिक भुकटी पुसली जाता कामा नये, म्हणून घड बोट न लावता देठाने उचलायचा. एक्स्ट्रा वर्गात वजनाने ५ टक्के चूक चालते, पहिल्या वर्गात १० टक्के. ही चूक कोण रोखतं? तपासणी अधिकारी तर काही पेट्या नमुन्यादाखल उघडून पाहतो. प्रत्येक घड पाहते ती टेबलाशी उभी असलेली बाई. तिने एक नजर टाकायची आणि ठरवायचं : हा युरोपचा, हा दुबईचा, हा लोकलचा. एका घडाला किती क्षण लागतात ते जाऊन पाहा. डोळा, बोटं आणि कात्री एकदमच चालतात. कारागिराच्या हातात हे दिसलं असतं तर आपण त्याला उस्ताद म्हटलं असतं. इथे 'बायकांचा हात हलका' असं म्हणून विषय संपवतात.

हात हलका म्हणून काम हलकं, काम हलकं म्हणून रोजही हलका. छाटणी, फवारणी, क्रेट उचलणं, ट्रॅक्टर चालवणं ही 'जड' कामं, त्यांचा रोज जास्त. क्रेट उचलायला ताकद लागते हे खरं. दिवसभर हात डोक्याच्या वर धरून विरळणी करायला काय लागतं? रात्री मान वळत नाही, खांदा उचलत नाही, तरी सकाळी भाकरी थापावीच लागते. समान वेतनाचा कायदा १९७६ सालचा. त्याची जागा आता २०१९ च्या वेतन संहितेने घेतली आहे. कायद्यात 'सारखं काम' असे शब्द आहेत, आणि नेमका तिथेच पळवाटेला रस्ता आहे. बाईचं काम सारखं नाहीच म्हटलं की झालं! आमचा प्रश्न वेगळा आहे : ज्या कामामुळे माल दुसऱ्या वर्गातून पहिल्यात जातो, किलोमागे भाव चढतो, ते काम 'हलकं' ठरवलं कुणी आणि कुठल्या तराजूवर?

विषाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं.

युरोपात ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला मर्यादा असते किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. एका किलोत एका मिलिग्रॅमचा शंभरावा भाग. एवढं सूक्ष्म मोजणारी यंत्रं आपल्याकडे आहेत, माणसं आहेत, कोट्यवधींच्या प्रयोगशाळा आहेत. औषधांच्या सरकारी यादीत प्रत्येक औषधापुढे दिवस दिलेले असतात : फवारल्यानंतर इतके दिवस तोडणी करायची नाही. हे दिवस घडासाठी आहेत. खाणाऱ्याच्या पोटात विष जाऊ नये म्हणून आहेत, आणि ते असायलाच हवेत. पण फवारणी झाल्यावर किती वेळाने बाईने त्या ओळीत शिरायचं? त्या यादीत असा रकाना शोधा. काल संध्याकाळी ब्लोअर फिरला, आज सकाळी विरळणीची टोळी आत. पानं ओली, मांडव ओला, बाईचा चेहरा घडापासून वीतभर अंतरावर. घडाला विश्रांती पंधरा दिवसांची असू शकते, बाईला एका रात्रीची.

कायद्यात काहीच नाही असंही नाही. कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा, नियम १९७१ चे. डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा असा विषाच्या तीव्रतेप्रमाणे रंग छापायचा, माहितीपत्रक प्रादेशिक भाषेतही द्यायचं, हे त्याच नियमांत आहे. आणखीही एक गोष्ट तिथे आहे, जी आपल्यापैकी फारच थोड्यांनी वाचली असेल. औषध बनवणाऱ्या आणि फवारणाऱ्या कामगारांची वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, आणि ऑर्गनोफॉस्फरस किंवा कार्बामेट गटातल्या औषधांशी काम असेल तर रक्तातल्या कोलिनेस्टरेजची तपासणी दर महिन्याला झाली पाहिजे. दर महिन्याला! १९७१ सालापासून हे कागदावर आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर मेले, तेव्हा या नियमाची आठवण काढावी लागली. आणि त्यातही विरळणी करणारी बाई कुठे बसते? ती औषध बनवत नाही, ती फवारतही नाही. ती फक्त फवारलेल्या वेलीखाली दिवस काढते. म्हणून नियमाच्या भाषेत ती नाहीच. घरी जाऊन नवऱ्याचे फवारणीचे कपडे नदीवर धुते तीही नाही. डब्यावरची बारीक अक्षरं वाचायला भिंग लागतं हे आणखी वेगळं.

ऑक्टोबर छाटणीनंतरचं पेस्टिंग घ्या. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात. फडक्याने, बोळ्याने, हाताने. हे औषध कातडी भाजतं, आणि ते लावणाऱ्याने आगेमागे दारू घेतली तर जिवावर बेतू शकतं. युरोपीय संघाने २००८ साली ते वापरायला मान्यता नाकारली. कारण फळात अंश राहतो हे नव्हतं. मुख्य कारण ते लावणाऱ्या माणसाला असलेला धोका हे होतं. म्हणजे तिथल्या मजुरासाठी जे नको ठरलं, ते इथल्या मजुराने इथे लावायचं, आणि त्यातून आलेला घड तिथल्या टेबलावर जायचा. घडात अंश नाही ना, मग माल शुद्ध! सीमेवरचं यंत्र घड तपासतं. हात तपासणारं यंत्र त्या बंदरात नाही.

इथे आपल्याच गोटातल्या काही मित्रांशी वाद घालणं भाग आहे. डंकेल प्रस्तावाच्या विरोधात आपण एकत्र मोर्चे काढले. ते म्हणतात, ही सगळी मानकं म्हणजे श्रीमंत देशांनी आपला माल अडवायला घातलेली काटेरी कुंपणं आहेत. त्यांना विरोध करावा. यात तथ्य आहे. २०१० चा हंगाम आठवा. क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वेलीची वाढ आवरणारं रसायन. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. तिकडच्या प्रयोगशाळांनी शोधलं, मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, आणि कंटेनर अडकले. बागायतदार बुडाले. नियम त्यांचा, यंत्र त्यांचं, ग्राहक त्यांचा, तोटा आपला. सुपरमार्केट भाव आधी सांगत नाही, माल पोचल्यावर सांगतं. हे सगळं मान्य.

पण मग काय, मानकं नकोत म्हणायचं? युरोपला जाणाऱ्या प्रत्येक नोंदलेल्या प्लॉटचा नमुना प्रयोगशाळेत जातो. नारायणगावच्या बाजारात, पुण्याच्या गुलटेकडीत येणाऱ्या प्रत्येक मालाचा जात नाही. तिकडे नापास झालेला घड इकडे आपल्या पोरांच्या हातात येतो, तेव्हा कुंपण काटेरी होतं की ते आपल्यासाठी घातलंच नव्हतं? मानकांनी एक गोष्ट सिद्ध केली आहे, आणि ती आपल्या फार उपयोगाची आहे : सरकारच्या मनात असेल तर ते मोजू शकतं. खेड्यापाड्यातल्या हजारो प्लॉटना नंबर देऊ शकतं, फवारण्यांची नोंद ठेवायला लावू शकतं, तोडणी थांबवू शकतं. किमान वेतन लागू करा म्हटलं की हेच सरकार म्हणतं, शेती विखुरलेली आहे, नोंदी कशा ठेवणार? अहो, ग्रेपनेटमध्ये ठेवल्यात तशा!

बागायतदार बंधूंचाही एक आक्षेप असतो. तुम्ही रोज वाढवून मागा, कपडे-हातमोजे मागा, आम्ही बाग मोडून टाकू, मग बायकांनी जायचं कुठे? द्राक्षबागेवर कर्ज किती असतं, एक अवकाळी पाऊस किंवा एक गारपीट काय करून जाते, हे या भागात राहणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. बागायतदाराची बायकोही त्याच कर्जात असते, तिचे दागिने त्यातच गेलेले असतात. पण २०१० साली नुकसानीचे आकडे निघाले ते बागायतदाराचे आणि निर्यातदाराचे. पॅकहाऊस बंद पडल्यावर बुडालेल्या रोजांचा आकडा कुणी काढला? भरपाईच्या मागणीत तो कुणी लिहिला? संकटात सगळे एका नावेत म्हणायचं आणि किनाऱ्याला लागल्यावर एकटीनेच पाण्यात उभं राहायचं, हा हिशेब आम्हाला पटत नाही. सुपरमार्केट तुमच्याकडून पैसे कापतं ते तुम्ही तिच्याकडून कापता, आणि ती कुणाकडून कापणार? पोटातून. पोरीच्या शाळेतून.

या बायका कोण आहेत, तेही सांगायला हवं. काही गावातल्याच, भूमिहीन किंवा दोन-चार गुंठ्यांच्या. बऱ्याच जणी पश्चिमेकडून येतात, जुन्नर आणि आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातून : महादेव कोळी, ठाकर. भात निघाला की खाली उतरतात, नारायणगावच्या अड्ड्यावर पहाटे उभ्या राहतात. जीप येते, मुकादम बोटाने निवडतो : तू, तू, तू. म्हातारी नको, पोटुशी नको, लेकुरवाळी नको. घडाची प्रतवारी दुपारी होते, बाईची पहाटेच होते. बिबट्याच्या या मुलखात अंधारात रस्त्याने यायचं, ते वेगळंच.

आणि पाणी? कुकडी प्रकल्पाची धरणं या दोन तालुक्यांत आहेत : येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि घोड नदीवर डिंभे. डिंभ्याच्या पाण्याखाली जुनं आंबेगाव गेलं आणि आदिवासींची शेतं गेली. कालव्याने जे पाणी खाली आलं त्यावर पूर्वेकडची बागायत हिरवी झाली. ज्यांची खाचरं बुडाली त्यांच्या लेकी-सुना आता त्याच पाण्यावरच्या बागांमध्ये रोजाने येतात. डिंभ्याच्या धरणग्रस्तांनी हात जोडून वाट पाहिली असती तर त्यांना काहीच मिळालं नसतं. त्यांनी संघटना बांधून जलाशयात मासे धरण्याचा हक्क मिळवला, आणि 'शाश्वत' संस्थेच्या त्या कामाला २०१२ साली जगाने इक्वेटर पुरस्कार दिला. बाहेरच्या पट्टीने मोजायचंच असेल तर ही एक पट्टी आहे.

पॅकहाऊसच्या आत शिरताना काय होतं ते ऐकण्यासारखं आहे. नखं कापलेली हवीत, डोक्याला जाळीची टोपी, बांगड्या काढा, टिकली काढा, मंगळसूत्र आत घाला. स्वच्छतेसाठी हे योग्यच आहे. फळात काचेचा तुकडा गेलेला कुणाला चालेल? गंमत वाटते ती इतकीच की, हातात बांगडी नसलेली बाई अशुभ म्हणून जे गाव पिढ्यान् पिढ्या तिला छळत आलं, त्याच गावात युरोपच्या एका कागदाने सकाळी आठ वाजता सगळ्यांच्या बांगड्या उतरवल्या आणि कुणाचाही धर्म बुडाला नाही. आम्ही वर्षानुवर्षं विधवांच्या प्रश्नावर बोलतोय. निर्यातीला विरोध करायला मात्र कुणी शंकराचार्य आला नाही.

संडासाचंही तसंच. खासगी युरोपीय प्रमाणपत्रात, जे १९९७ साली 'युरेपगॅप' म्हणून सुरू झालं आणि २००७ पासून 'ग्लोबलगॅप' म्हणतात त्यात, तोडणी करणाऱ्यांसाठी जवळपास स्वच्छ संडास आणि हात धुवायची सोय लागते. फवारलेल्या जागेत पुन्हा कधी शिरायचं याची पद्धत शेतावर लिहून लावावी, हेही त्यात आहे. म्हणजे आम्ही जे मागतो ते आकाशातलं नाही, कुठल्यातरी फाइलमध्ये ते आधीच लिहिलेलं आहे. पण संडासाची अट आली ती फळाच्या स्वच्छतेच्या प्रकरणात. बाईला दिवसभर पाणी न पिता, लघवी दाबून काम करावं लागतं आणि त्यातून मूत्रमार्गाचे आजार होतात, म्हणून ती आलेली नाही. ज्या बागेचा माल युरोपला जात नाही, त्या बागेतल्या बाईने अजून ओढाच शोधायचा.

मग उपाय म्हणून आणखी एक लेबल सुचवलं जातं. 'या मालात मजुरांचं शोषण झालेलं नाही' अशी चिठ्ठी. ग्लोबलगॅपने 'ग्रास्प' नावाचा जादा भाग काढलाच आहे : मजुरांचा प्रतिनिधी आहे का, तक्रारीची सोय आहे का, लेखी करार, पगारपत्रक आहे का. वाचायला बरं आहे. पण तपासनीस येणार, कागद पाहणार. अड्ड्यावरून आणलेल्या, उक्त्या कामावर मुकादमाच्या हाताखाली असलेल्या बाईचं नाव कुठल्याच कागदावर नाही. तिच्याबद्दल विचारणार कुणाला? आणि तपासणीच्या दिवशी तिला सुट्टी दिली की झालं.

लेबलाची एक वेगळी गोष्ट सांगते. १९६५ साली कॅलिफोर्नियातल्या डिलानो भागात द्राक्षमजुरांनी संप केला. फिलिपिनो मजुरांनी सुरुवात केली, मेक्सिकन वंशाचे मजूर लगेच सामील झाले. सेझार चावेझचं नाव आपल्याकडे थोडंफार माहीत आहे. त्यांच्या बरोबरीने संघटना बांधणाऱ्या आणि मालकांसमोर बसून करार करणाऱ्या डोलोरेस ह्युएर्ता यांचं नाव फार कमी जणींना माहीत असतं. (हेही नेहमीचंच.) त्यांनी गावोगावच्या गिऱ्हाइकांना द्राक्षं घेऊ नका म्हणून सांगितलं, पाच वर्षं सांगितलं. १९७० साली डिलानोच्या मालकांनी करार केले, त्यात विषारी फवारण्यांवर बंधनं घालणारी कलमंही होती. आणि करार केलेल्या मालकांच्या पेट्यांवर संघटनेचा काळा गरुड छापला गेला. ते लेबल कुठल्या खात्याने दिलेलं नव्हतं. मजुरांनी ते मालकाला दिलं होतं. १९७३ साली करार संपले, बहुतेक मालक दुसऱ्या सोयीच्या संघटनेकडे वळले, आणि त्या पेट्यांवरून गरुड उडाला. चिठ्ठीत जीव असतो तो तिच्यामागे उभ्या असलेल्या माणसांचा.

दक्षिण आफ्रिकेतही द्राक्षं याच युरोपला जातात, त्याच प्रमाणपत्रांनी जातात. २०१२ च्या शेवटी डी डोर्न्स या द्राक्षाच्या खोऱ्यात मजूर रस्त्यावर उतरले, त्यात हंगामी बाया मोठ्या संख्येने होत्या. दिवसाला ६९ रँड किमान वेतन होतं. १ मार्च २०१३ पासून ते सरकारला १०५ करावं लागलं. त्या बागांकडे प्रमाणपत्रं नव्हती असं नाही.

तेव्हा आपल्या गटांनी येत्या छाटणीआधी काय करायचं? जुन्नर-आंबेगावच्या मैत्रिणींपुढे आमचं म्हणणं असं. प्लॉटची नोंदणी हंगामाच्या तोंडाशी होते आणि दरवर्षी करावी लागते. म्हणजे दरवर्षी एक वेळ अशी येते की बागायतदार आणि कृषी खातं दोघंही कागद घेऊन समोरासमोर असतात. त्याच वेळी जायचं. तालुका कृषी अधिकाऱ्याला लेखी विचारायचं की फवारणीच्या वहीत आज कोण बागेत होतं आणि किती वाजता आत शिरलं, हा रकाना का नाही. सातबाऱ्यावर बाईचं नाव लावून घेतलेल्या घरांनी नोंदणी तिच्या नावाने मागायची, म्हणजे लॉट नंबर तिचा होईल. ग्रामीण रुग्णालयात जाऊन कोलिनेस्टरेजची तपासणी होते का ते विचारायचं, 'नाही' असं उत्तर आलं तर ते लेखी घ्यायचं. १९७१ च्या नियमाशेजारी ठेवून दाखवायला तो कागद लागेल. पेस्टिंगला हातमोजे आल्याशिवाय हात लावायचा नाही, हे एका टोळीने एकटीने ठरवून भागणार नाही. मुकादम दुसरी टोळी आणेल. म्हणून अड्ड्यावर उभ्या राहणाऱ्या डोंगरातल्या बायका आणि गावातल्या बायका यांची आधी आपसात बैठक व्हायला हवी. आजवर या दोघींना एकमेकींचा रोज पाडणाऱ्या म्हणूनच ओळखायला शिकवलं आहे. ती बैठक भात काढणी संपायच्या आत, डोंगरातल्याच एखाद्या गावात घ्यावी. अड्ड्यावर नको, तिथे मुकादमाचे कान असतात.

पॅकहाऊसमधल्या मैत्रिणींसाठी एक काम वेगळं आहे. टेबलावर कोणत्या प्रतीचा किती माल भरला याचा रोजचा तक्ता असतो. त्याच तक्त्यात भरणारीचं नाव आणि तास लिहायला लावायचे. एका हंगामाचे तक्ते हातात आले की किती माल कुणाच्या हातून पहिल्या वर्गात गेला ते दिसेल, आणि रोजाचं बोलणं 'हलक्या हाता'वरून किलोवर आणता येईल.